आपलं घरकुल आणि चिमणीचं घर
(वर्षावास कार्यक्रमात विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर आजचा विषय वाचून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिलं. विहारात शिक्षणावर, व्यसनमुक्तीवर भाषणं होतात, मग चिमण्यांची घरं हा विषय कुठून आला? तर तो वर्षावासातूनच आला. वर्षावासाचा नियम कसा झाला, ते विनयपिटकाच्या महावग्गात सांगितलं आहे. भिक्खू भर पावसाळ्यातही चारिका करीत, त्यांच्या पायाखाली हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवले जात. लोक कुरकुरू लागले की, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून पावसाळा एका जागी काढतात, मग या श्रमणांना काय झालं? ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. म्हणजे ज्या निमित्तानं आज आपण इथं बसलो आहोत, त्याच्या मुळाशी पाखराच्या घरट्याचा दाखला आहे.

आता आपल्या वस्तीकडे या. आपली जुनी घरं आठवा. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं सपरी. त्या घरात चिमणी विचारून येत नसे. कवेलूच्या खाली, मयालीच्या खाचेत, आणि सगळ्यात आवडीची जागा म्हणजे बाबासाहेबांच्या तसबिरीमागे. तसबीर खिळ्याला पुढे झुकलेली असायची, त्या फटीत ती तनीस भरायची. वंदनेच्या वेळी वरून काड्या पडायच्या. आम्ही लहानपणी ते घरटं काढायला स्टूल घेतला की आजी ओरडायची, "राहू दे रे, तिलेही लेकरं हायत." सपरीत धानाच्या लोंब्या टांगलेल्या असायच्या, त्या तिच्यासाठीच.

मग स्लॅबची घरं आली. कुणाला इंदिरा आवासमधून मिळालं, कुणाला रमाई आवास घरकुल योजनेतून, कुणी नोकरीच्या पैशांतून बांधलं. ते व्हायलाच पाहिजे होतं. गळकं घर किती गोड होतं असं म्हणणाऱ्यानं त्या घरात एक श्रावण काढून पाहावा! गावकुसाबाहेर ज्यांना पिढ्यानपिढ्या राहावं लागलं, त्यांना पक्क्या घराचा अर्थ कुणी शिकवायला नको. पण ज्या वर्षी आपल्याला घर मिळालं, त्याच वर्षी चिमणीचं गेलं, आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही. सिमेंटच्या भिंतीला खाच नाही, तसबीर भिंतीला चिकटलेली, खिडकीला जाळी. तिनं तरी जावं कुठं?

हे फक्त आपल्याच वस्तीत झालं असं नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांनी चिमण्यांसाठी घरटी बनवण्याचं काम लोकांपर्यंत नेलं आणि 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. चांगलीच गोष्ट आहे. मात्र एक दिवस मोबाईलवर चिमणीचा फोटो टाकून तिला अंडी घालायला जागा मिळत नाही.

आम्ही काही घरांनी मिळून हे काम सुरू केलं, तेव्हा पहिली चूक आमचीच झाली, ती सांगतो. हौसेनं डालड्याच्या डब्यांना भोक पाडलं, निळा रंग दिला आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगले. एका डब्यात जोडी आली. आम्हाला केवढा आनंद! मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसला टेकतो. एके दुपारी पिल्लांचा आवाज बंद झाला. संध्याकाळी डबा उतरवला, तर तिन्ही पिल्लं गेलेली. डब्याला हात लावला, तर चटका बसला. चिमणी दोन दिवस त्या खिळ्याजवळ येऊन बसत होती. घर बांधणं म्हणजे नुसतं भोक पाडणं नाही, हे आम्ही त्या तीन पिल्लांच्या जिवावर शिकलो.

म्हणून आता नीट ऐका. टिन नको, प्लास्टिक नको. साधी पाऊण इंच जाडीची फळी घ्या, सुताराकडे उरलेले तुकडे चालतात. तळ सहा इंच बाय सहा इंच, उंची आठ-नऊ इंच. छप्पर पुढे उतरतं आणि दोन इंच बाहेर आलेलं, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. समोर तळापासून पाच-सहा इंचांवर गोल भोक, सव्वा इंचाचं, मोजून. हे माप सगळ्यात महत्त्वाचं आहे. भोक मोठं झालं की साळुंकी आत शिरते किंवा कावळा चोच घालतो. भोकाखाली बसायला काडी लावू नका. दिसायला छान दिसते, पण ती शत्रूच्याच सोयीची होते. तळाला चार बारीक छिद्रं पाडा. आतून रंग किंवा वार्निश नको. आत गवतही भरू नका, आपलं घर ती आपल्या हिशेबानं सजवते. छप्पर किंवा एक बाजू उघडता आली पाहिजे, कारण पिल्लं उडून गेल्यावर जुनी तनीस काढून डबा उन्हात ठेवावा लागतो.

टांगायचं आठ-दहा फुटांवर, छपराच्या सावलीत, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पंख्याजवळ नको, मांजर चढेल अशा भिंतीजवळ नको. चिमणीला शेजार लागतो, म्हणून एकापेक्षा दोन-तीन डबे बरे. टांगल्यावर रोज डोकावून पाहू नका. काही डब्यांत वर्षभर कुणी येत नाही, तेव्हा नाराज व्हायचं नाही. फळी नसेल तर कुंभाराकडचं तोंडाचं छोटं मडकं आडवं बांधा, नाहीतर बुरडाकडून कमच्यांची टोपली विणून घेऊन बाहेरून मातीनं लिंपा. आमच्याकडे मडकी सगळ्यात आधी भरली.

साळुंकी आणि दयाळ यांच्यासाठी हाच डबा थोडा मोठा करायचा, भोक दोन इंचांचं. पिंगळ्यासाठी चार इंचांचं, सांदवाडीतल्या मोठ्या झाडावर. पिंगळा म्हटल्यावर काही आयाबाया कपाळाला आठ्या घालतील, ते आम्हाला माहीत आहे. तो ओरडला की कुणी मरतं म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलणं शोभत नाही. तो बिचारा उंदीर आणि किडे खातो, म्हणजे धानाची राखणच करतो.

एक गोष्ट मात्र डब्यानं भागत नाही. चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्या भरवते. बांधीत आणि परसात विषारी फवारणी केली, तर घर असूनही लेकरं उपाशी राहतात. निदान सांदवाडीतल्या भाजीवर तरी फवारू नका. सम्राट अशोकानं राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरवलेल्या स्तंभलेखात पोपट, मैना आणि वटवाघूळ यांनासुद्धा अभय दिलं आहे, आणि ज्यात जीव आहेत तो भुसा जाळू नये असंही सांगितलं आहे. धानाच्या मुलखात हे वाक्य आपल्यासाठीच कोरलं असावं असं वाटतं.

आणि काही घरं आपल्याला बांधताच येत नाहीत. सुगरणीचा खोपा कुणाला विणता येईल? तिच्यासाठी विहिरीवरची शिंदी तोडू नये, एवढंच. सारसाचंही तसंच. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, आणि तोही पन्नासच्या आत. बांधीत किंवा तलावाच्या कडेला पाणवनस्पतींचा ढीग रचून तो बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी साधारण महिनाभर आळीपाळीनं उबवतात. आपल्या भागातले शेतकरी सेवा संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर ही घरटी राखत आले आहेत. त्यासाठी बांधीतला थोडा धान सोडावा लागतो. ज्याची दीड एकरच जमीन आहे, त्यानं तेवढा धान सोडणं ही लहान गोष्ट नाही, आणि त्या माणसांचा सत्कार या विहारात अजून झालेला नाही, याची समितीनं नोंद घ्यावी.

कुटिदूसक जातकात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला पाखरू विचारतं, तुला माणसासारखे हातपाय आहेत, मग घर का नाही? माकड चिडून त्याचंच घरटं मोडतं. मुलांनो, ती गोष्ट भन्तेजींकडून पूर्ण ऐका.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता विहाराच्या मागच्या अंगणात जमायचं आहे. फळ्या सांगून ठेवल्या आहेत. करवत दोनच आहेत, ज्यांच्या घरी असेल त्यांनी आणावी. हातोडी आणि खिळे प्रत्येकानं. पहिले चार डबे विहाराच्या छपराखाली लागतील आणि त्यांची भोकं मोजायला आम्ही स्वतः उभे राहू.

नमो बुद्धाय. जयभीम.