साप, सैतान आणि देवचार
तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाच्या काठी पहाटे उभं राहिलं, की पाण्यात डोंगर उलटा दिसतो. वारा नसेल तर खरा कुठला, घटकाभर कळत नाही. ख्रिस्ती विचारातली आध्यात्मिक फसवणूकही अशीच, खऱ्यासारखी दिसणारी.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात साप हव्वेला आधी खोटं सांगतच नाही. तो नुसता प्रश्न विचारतो. शंका पेरतो, मग फळाची लालूच दाखवतो. पुढे अरण्यात येशूची परीक्षा घेताना तर सैतान चक्क शास्त्रवचनंच पुढे करतो! तो तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, असं संत पौलानं करिंथकरांना बजावलं आहे.

ही कथा मराठी ओवीत आणली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांचं सुमारे 11,000 ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.

गंमत आहे ती या कथेतल्या सैतानासाठीच्या शब्दाची. गोव्यातले ख्रिस्ती लोक सैतानाला देवचार म्हणतात. शेजारच्या हिंदू वाड्यावर मात्र देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री त्याच्या काठीचा आवाज येतो म्हणे. त्याच्यासाठी रोट आणि विडी ठेवतात. राखणदाराचा ठकसेन झाला, तेव्हा वाड्यावर कुणी विचारायला गेलं नसावं.

आणि ते ‘ख्रिस्तपुराण’? हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते मंगळूरला पुन्हा छापलं.