पहिली नोकरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कॉम्प्युटरची पदवी घेऊन पुण्यात हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपनीत रुजू होणाऱ्या मुलामुलींकडे सुरुवातीला जुन्या प्रोग्राममधल्या चुका काढणं, चाचण्या लिहिणं, किरकोळ फेरबदल करणं अशी कामं येत. नेमकी हीच कामं आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र झटपट करू लागलंय. जून २०२२ मध्ये कोड सुचवणारं गिटहब कोपायलट सर्वांसाठी खुलं झालं, नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि कोड लिहायची पद्धतच पालटली.

समजा, जन्मतारखेवरून वय काढायचा प्रोग्राम हवाय. यंत्र तो काही सेकंदांत लिहून देतं. चालतोही. पण २९ फेब्रुवारी २००४ ला जन्मलेली मुलगी १८ वर्षांची कधी झाली? २८ फेब्रुवारी २०२२ ला, की १ मार्चला? याचं उत्तर कायद्यात किंवा संस्थेच्या नियमांत शोधावं लागतं. मुळात हा प्रश्न सुचावा लागतो.

असे प्रश्न सुचतात ते बारीकसारीक चुकांशी झटापट करूनच. ती कामंच नवख्यांच्या हातून गेली, तर उद्याचे जाणते इंजिनिअर घडणार कुठे? मला याची फार काळजी वाटते. नवख्यांची भरती थांबवणं कंपन्यांनाच महागात पडेल.

विद्यार्थ्यांनो, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांचा पाया पक्का करा. आधी प्रोग्राम स्वतः लिहा, मग यंत्राकडून लिहून घ्या आणि दोन्ही ओळीओळीने ताडून पाहा. जोडीला बँकिंग, शेती, आरोग्य यांपैकी एखादं क्षेत्र नीट समजून घ्या.