पिशवीवर तारीख लिहा

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

तुमचं अभिनंदन. माझ्याआधीच्या वक्त्यांनी ते मनापासून केलंच आहे, मी त्यात वेळ घालवत नाही. मराठीत बोलायची परवानगी मात्र मागून घेतली. इथल्याच तात्यापाऱ्यात वाढलेल्या मुलीला रायपुरात एवढी सूट मिळायला हरकत नसावी.

आमच्या घरी चिंचोके खेळायला लागत. अर्धे फोडून त्यांचं दान टाकायचो. त्यांची खळ घोंगडीला देतात, हे पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं. त्याच खळीत माझी तीस वर्षं गेली.

चिंचोक्यात झायलोग्लुकन असतं. हे पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ: सेल्युलोजसारखा कणा, त्याला झायलोजच्या फांद्या, काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज. एन्झाइम वापरून गॅलॅक्टोजचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग काढला, की हा द्राव थंड असताना पातळ राहतो आणि अंगाच्या उबेला त्याचं जेल होतं. सुईतून शरीरात सोडा, आत जाऊन बसेल. उरलेला गॅलॅक्टोज यकृताच्या पेशी ओळखतात आणि त्याला धरून राहतात. पेशींसाठी हे जेल म्हणजे परांचीच. फरक इतकाच, की गवंडी आपली परांची उतरवतो; या परांचीने काम झाल्यावर स्वतःच विरून जायचं असतं.

१९९३ साली 'सायन्स'मध्ये लँगर आणि व्हॅकांटी यांचा टिश्यू इंजिनिअरिंगवरचा लेख आला, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, दहा वर्षांत यकृत बरणीत वाढेल. हसू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माशेलकर आणि त्यांचे सहकारी हायड्रोजेलवर काम करत होते, पाणी शोषून धरणारी 'जलशक्ती' तिथेच तयार झाली होती. हवाच तशी होती. मी चिंचोक्याच्या जेलवर पेशी वाढवायचा प्रस्ताव लिहिला. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "चिंचोके? बाई, हा किराण्याचा विषय आहे." समुद्रशेवाळातून काढलेलं अल्जिनेट परदेशातून मागवा म्हणाले. मागवलं. बाटली उन्हाळाभर कस्टमच्या गोदामात पडून राहिली. आली तेव्हा तिच्यातलं काय उरलं होतं ते देवाला ठाऊक. पावती मात्र अगदी शुद्ध होती.

मग स्वतःच्या खिशातले पैसे घालून बस्तरचे चिंचोके आणले. पहिल्या पिशवीचं जेल सुरेख झालं. दुसऱ्या पिशवीचं झालंच नाही, भांड्यात नुसतं पेजेसारखं पाणी. एन्झाइम बदललं, तापमान बदललं, एका विद्यार्थ्याला रडवलं (त्याची मी नंतर माफी मागितली). अकरा महिने गेले. शेवटी जगदलपूरला गेले. भट्टीवर चिंचोके भाजून टरफलं काढणाऱ्या एका बाईपुढे दोन्ही पुड्या ठेवल्या. तिने हुंगल्या आणि म्हणाली, "ये वाला जादा भुंज गे हे." जास्त भाजलं की साखळ्या तुटतात, चिकटपणा जातो. ते पुस्तकात होतं, मी वाचलेलंही होतं. पण कोणती पिशवी कधीची, कोणत्या भट्टीची, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

माझी खरी तक्रार समितीतल्या त्या गृहस्थांबद्दल नाही, आपल्या धंद्याबद्दल आहे. दर महिन्याला नवं जेल छापून येतं. त्यात पेशी जगतात, चित्रं हिरवी-लाल चमकतात. आणि कच्च्या मालाबद्दल एकच ओळ: 'स्थानिक बाजारातून खरेदी केला'. कोणता बाजार? कोणता हंगाम? समुद्रशेवाळ असो, कोळंबीची टरफलं असोत की चिंचोके, निसर्गाचा माल दरवेळी वेगळा येतो. रेणूंची लांबी बदलते, प्रथिनं मागे राहतात, जिवाणूंचं विष चिकटून येतं. रोग्याच्या शरीरात तुमचं शोधपत्र जात नाही, ती पिशवी जाते. म्हणून पिशवीवर तारीख लिहा. गाव लिहा, भट्टी लिहा. बिघडलेल्या घाण्याचीही नोंद ठेवा, त्याची तर आधी ठेवा. गाईड म्हणेल वेळ नाही, तरी लिहा.

नोकरीबद्दल बोला असं संयोजकांनी सुचवलं होतं. त्यातलं मला फारसं कळत नाही.

येत्या मार्चमध्ये चिंचेच्या हंगामात मी पुन्हा जगदलपूरला जाते आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी मी खाली उतरल्यावर मला भेटा. येताना न पुसलं जाणारं पेन आणा.