विश्वासाआधी विचारणा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



पूर्वजांची थोरवी गाण्याचा सोपा मार्ग माझ्यापुढे मोकळा होता. तो सोडून सारासार विचाराच्या सवयीविषयी बोलण्याचे मी ठरविले आहे. त्यास कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती मी आज प्रथमच चारचौघांत सांगत आहे.

माझी चौतीस वर्षे हिशेबतपासणीत गेली. मूळ पावती डोळ्यांखालून घातल्यावाचून खर्चाच्या रकमेपुढे खूण करावयाची नाही, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. रोखपाल कितीही सज्जन असो, पेटीतील शिल्लक मोजूनच पाहावयाची. त्यात रोखपालाचा अपमान नसतो. उलट त्याच्या सचोटीस पुरावा मिळतो. कचेरीत हा नियम मी कधी मोडला नाही. घरी मात्र मोडला.

काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थांनी ठेवींची एक योजना काढली. व्याज दरमहा शेकडा तीन. गृहस्थ बोलण्यात गोड, देवकार्यास सढळ हाताने देणारे, आणि मुख्य म्हणजे ‘आपले’. मी काही रक्कम ठेवली. सहा महिने व्याज चोख हाती आले. तेव्हा माझ्या विधवा वडील भगिनीने मला विचारले, “यजमानांच्या फंडाचे पैसे आहेत, तिथे ठेवू का?” मी म्हणालो, “आक्का, माणूस आपला आहे, खुशाल ठेव.” पुढे वर्षभरातच त्या कचेरीस कुलूप लागले. आक्काने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “तू हिशेबातला माणूस, म्हणून तुला विचारले होते रे.” ती रक्कम मी हप्त्याहप्त्याने फेडीत आहे, त्या विश्वासाची फेड कशी करावी, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता पाहा, मी काय करावयास हवे होते? पाकिटाच्या पाठीवर होईल एवढाच तो हिशेब होता. दरमहा शेकडा तीन म्हणजे सालीना ३६. व्याजावर व्याज धरल्यास अवघ्या २४ महिन्यांत मुद्दल दुप्पट! ज्याचा धंदा सचोटीचा आणि भरभराटीचा आहे, त्यास बँक याहून पुष्कळ कमी दराने कर्ज देते. मग तो आपणांस एवढे व्याज का देतो? हा एक प्रश्न मी विचारला असता, तर आक्काची पुंजी वाचली असती. आणि सहा महिने व्याज मिळाले यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. कारण नव्या ठेवीदाराचा पैसा जुन्याच्या हाती व्याज म्हणून ठेवता येतो. ही युक्ती जुनी आहे. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या इटालियन इसमाने ४५ दिवसांत शेकडा ५० नफा देऊ केला. त्यास बळी पडलेल्यांत त्याच्यासारखेच इटलीहून आलेले पुष्कळ लोक होते. ‘आपला माणूस’ या शब्दांची मोहिनी सर्व देशांत सारखीच म्हणावयाची!

तेव्हापासून कोणतीही गोष्ट मान्य करण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो. सांगणाऱ्यास हे कसे कळले? त्यात त्याचा लाभ कोणता? आणि हे खोटे असल्यास ते कशावरून उघड होईल, व ते मी पाहिले काय?

यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात प्रसूतिज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया दगावत. कोणी म्हणे हवा दूषित आहे. पण हवा दोन्हीकडे एकच. कोणी म्हणे गर्दी फार. पण गर्दी दुसऱ्या विभागात अधिक. इग्नाझ सेमेल्वाइस या तरुण डॉक्टराने असे एकेक कारण पारखून बाजूस सारले. शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन त्याचा एक सहकारी तशाच लक्षणांनी वारला, तेव्हा त्यास उलगडा झाला की, शवागारातून थेट येणारे हातच दोषी आहेत. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४७ च्या एप्रिलमध्ये शंभरांत अठरा स्त्रिया मरत होत्या. जुलैत ते प्रमाण एकाच्या आसपास आले. ‘सर्वांना ठाऊकच आहे’ म्हणून जे सांगितले जाते, ते तपासून पाहिल्याचे हे फळ होय.

याच्या उलट चित्र आपल्याच महाराष्ट्रातले आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा हातोहाती असलेल्या फोनवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे त्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. ‘कशावरून?’ हा एक शब्द त्या जमावात कोणी ठामपणे उच्चारला असता तर!

बंधुभगिनींनो, माझी चूक आणि ही घटना यांत महदंतर आहे, हे मी जाणतो. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. ‘आपल्या’ माणसाचे म्हणणे आपण न विचारता खरे धरतो, आणि ‘परक्या’ माणसास न विचारताच दोषी ठरवितो. ज्या संस्थेचा पायाच आपलेपणावर उभा आहे, तिने तर हा धोका सर्वांआधी ओळखला पाहिजे.

यास्तव माझी दोनच मागणी आहेत. घरी मुलाने किंवा सुनेने ‘कशावरून?’ असे विचारल्यास त्यास उद्धटपणा म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणी सांगा व दोघे मिळून शोधा. दुसरे, आपल्या संघाचा जमाखर्च दरवर्षी छापला जातो, आणि तो न वाचताच टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. यंदा तो घरी नेऊन ओळीओळीने वाचा. शंका आल्यास खजिनदारांना पत्र लिहा. ते माझे स्नेही आहेत. त्यांना राग येणार नाही, याची हमी मी देतो. किंबहुना माझ्या या हमीवरही विसंबू नका, विचारूनच पाहा!