ऑइलची पट्टी आपण बघायची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमात कायदा आहे, रेशन आहे, पोलीस ठाण्यात तक्रार कशी नोंदवून घ्यायला लावायची तेही आहे. त्यात मध्येच ‘मोटरसायकलचं ऑइल’ वाचून काहीजणी हसल्या. हसा. पण आज दुचाकीवरून आलेल्यांनी हात वर करा बघू. आता या महिन्यात इंजिनातलं ऑइल ज्यांनी स्वतः बघितलं, त्यांनीच हात वर ठेवा. किती हात खाली आले ते तुम्हीच बघा.

गाडी आपल्या नावावर असते, हप्ता बचत गटाच्या कर्जातून आपणच फेडतो. पण तिच्या आत काय चाललंय हे नवऱ्याला, दिराला नाहीतर मेस्त्रीला माहीत. रात्री निरोप येतो, अमक्या वस्तीवर बाईला घराबाहेर काढलंय. निघायचं तर ‘गाडी नेऊ नकोस, इंजिनचा आवाज बरोबर नाही’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे उत्तर नसतं. ते खरं असेल किंवा तुम्हाला घरी बसवण्यासाठी केलेलं निमित्त असेल. दोन्हींतला फरक आपला आपल्याला कळला पाहिजे.

उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० नंतरच्या काळात महिला समाख्याच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणं बायकांचं आणि पंप खोलणं पुरुषांचं, ही वाटणी त्यांनी मोडली. आपल्यालाही गाडीबाबत तेच करायचं आहे.

आपल्यातल्या थोड्या वयस्कर मैत्रिणी लुना, किनेटिक होंडावर शिकल्या. त्या टू-स्ट्रोक गाड्या. लुनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून भरायचं, किनेटिक होंडाला त्याची वेगळी टाकी होती. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळून धुरातून जायचं, म्हणून सारखं घालावं लागायचं आणि म्हणूनच लक्षात राहायचं. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनच्या पोटात असतं आणि तिथेच फिरत राहतं. दिसत नाही, म्हणून विसरलं जातं. साध्या शंभर सीसीच्या गाड्यांना बहुधा ऑइल कमी झाल्याचा दिवाही नसतो. ऑइल फार उतरलं की लोखंडावर लोखंड घासतं, इंजिन तापतं आणि शेवटी जाम होतं. मग निघतं ते बोअर-पिस्टनचं काम. त्याचा खर्च किती येतो ते ज्यांनी भरलाय त्यांना विचारा.

आता बघायचं कसं? खेड्यापाड्यात सगळ्यात जास्त दिसणारी स्प्लेंडर धरून सांगते. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि माप खोटं येतं. इंजिन तीन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवा, बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. ओढणी, पदर खोचून घ्या, सायलेन्सरला हात लावू नका. उजव्या बाजूला इंजिनच्या खालच्या भागात काळं झाकण आहे, त्यालाच आतून पट्टी असते. आजूबाजूची धूळ आधी पुसा, नाहीतर तीच आत जाते. झाकण फिरवून काढा, पट्टी स्वच्छ फडक्याने पुसा आणि परत भोकात ठेवा. आटे फिरवून बसवायचं नाही, नुसतं टेकवायचं. बाहेर काढून बघा. पट्टीवर दोन खुणा आहेत, ऑइल त्यांच्या मध्ये हवं. काही गाड्यांची पट्टी फिरवून बसवूनच माप घ्यायचं असतं. बुलेटच्या नव्या गाड्यांना पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. तेव्हा आपापल्या गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचा. ती पुस्तिका बहुतेक घरांत कपाटात प्लॅस्टिकमध्येच पडलेली असते.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की हे होतं. मग गाडी चालवू नका, ऑइल बदला. ऑइल वारंवार उतरतंय आणि मागे निळसर धूर येतोय, तर आतल्या आत जळतंय. अशी गाडी मेस्त्रीकडेच न्यायची, पण काय झालंय ते आपण सांगायचं.

कमी असेल तर थोडं थोडं घाला, मध्ये थांबून पुन्हा पट्टी बघा. ‘दोन थेंब जास्त असलेले बरे’ हे गॅरेजमधलं लाडकं वाक्य, पण ते चुकीचं आहे. जास्त ऑइल आत घुसळून फेसाळतं, फेसाचं ऑइल नीट वंगण देत नाही. सीलवर दाब येतो, एअर फिल्टरपर्यंत ऑइल पोचतं. वरच्या खुणेच्या वर जायचं नाही.

आणि कोणतंही ऑइल चालत नाही. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. बाटलीवर ‘जासो एमए’ अशी खूण बघा. बिनगिअरच्या स्कूटरला बहुधा ‘एमबी’ असते. आकडा, म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे, पुस्तिकेत असेल तोच. सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला लावा आणि रिकामी झाली की ती चेपून टाका, नाहीतर तिच्यात भेसळ भरून ती परत बाजारात येते.

बदलताना इंजिन कोमट हवं. तापलेल्या ऑइलने हात भाजतो. खालचा नट काढून जुनं ऑइल पसरट भांड्यात पूर्ण निथळू द्या. नट परत लावताना आधी हाताने फिरवा, वायसर विसरू नका, पान्याने बेताने आवळा. जोर केला तर आटे जातात. पुस्तिकेत कधी कधी दोन मापं असतात: एक नुसतं बदलताना, दुसरं पूर्ण इंजिन खोलल्यावर. आपलं पहिलं. जुनं ऑइल गटारात, विहिरीजवळ, बांधावर ओतू नका आणि हातालाही राहू देऊ नका, ते विषारी आहे. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. मात्र ते ऑइल अधिकृत पुनर्वापरासाठी जातं का, तेवढं विचारा.

संघटनेच्या गाडीसाठी एक वही करू या. तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातलं आणि कुणी बघितलं. पाळी लावायची, आणि त्या पाळीत ऑफिसातल्या मुलग्यांची नावं नकोत. ते वाईट नाहीत, पण ते असले की आपण फडकं त्यांच्याच हातात देतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘ताई, तुम्ही तिकडे बसा’ म्हणतील. बसायचं नाही. जुनं ऑइल निथळेपर्यंत उभं राहायचं, नवीन घालून झालं की पट्टी आपण मागायची.

बाहेर चिंचेखाली तीन गाड्या डबल स्टँडवर लावल्यात. फडकी आणलीत. तिघीतिघींचे गट करा, आणि ज्यांनी कधीच झाकण उघडलं नाही त्यांनी आधी पुढे व्हा.