टॅरागॉन: बियांच्या पाकिटात नसलेलं झाड

कुणी इयरफोन लावून संत्र्याला पाणी देत असाल, कुणी चांदूर बाजारहून अमरावतीच्या एसटीत खिडकीशी बसले असाल. जिथं असाल तिथं निवांत ऐका. नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूपही इथं देतोय, म्हणजे कुंडी भरताना मातीच्या हातानं ऑडिओ मागं-पुढं करायला नको.

आजचा विषय आहे टॅरागॉन. रेसिपीच्या व्हिडिओत एखादा शेफ म्हणतो, "आता यात टॅरागॉनच्या दोन काड्या टाका." आपण व्हिडिओ थांबवतो, मोबाईलवर शोधतो आणि बियांचं पाकीट समोर येतं. त्यावर हिरव्यागार पानांचा फोटो आणि नाव 'फ्रेंच टॅरागॉन'. बोट ऑर्डरच्या बटणावर जातं.

तिथंच थांबा. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: खऱ्या फ्रेंच टॅरागॉनचं बी मिळत नाही. कारण त्याला उगवणारं बी धरतच नाही.

बी नाही, तर झाड येतं कुठून?

फ्रेंच टॅरागॉन हे वांझ झाड आहे. फुलं क्वचित येतात, आणि आली तरी त्यांच्यात उगवण्याजोगं बी तयार होत नाही. म्हणून हे झाड मुळाचे तुकडे करून किंवा फांदीची छाटकलम लावून वाढवतात. शेकडो वर्षं असंच चाललंय. एका माळ्यानं दुसऱ्याला फांदी दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

ही गोष्ट चांदूर बाजारच्या पोराला समजावून सांगायची गरजच नाही. आपला सगळा पट्टा संत्र्याचा. बाग लावायची तर आपण बी पेरतो का? जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेली कलम आणतो. शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत गेलं की घरची जुनी माणसं आधी विचारतात, "डोळा कोणत्या झाडाचा हाये?" झाडाचा वंश कळल्याशिवाय पैसे बाहेर निघत नाहीत. संत्र्याच्या बाबतीत इतके हुशार असलेले आपण मोबाईलवर मात्र फोटो पाहून पाकीट मागवतो!

मग त्या पाकिटात असतं तरी काय? बहुतेक वेळा रशियन टॅरागॉन. झाड त्याच जातीतलं, त्याला बी येतं, ते भराभर उगवतं आणि चार-पाच फूट उंच होतं. पण पानाला वास जवळजवळ नाही, आणि चव गवतासारखी कडवट. मेहनत तेवढीच लागते आणि हातात येतो चारा.

ओळखायचं कसं? पान चुरगाळा आणि वास घ्या. फ्रेंच टॅरागॉनला बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. पान चावलं तर जीभ किंचित बधिर होते. पानं अरुंद, गुळगुळीत, गडद हिरवी असतात. रशियनचं पान फिकट आणि जरा खरबरीत. नर्सरीवाला काहीही म्हणो, नाकावर विश्वास ठेवा.

आपला उन्हाळा आणि त्याची झोप

समजा अस्सल फ्रेंच टॅरागॉनचं रोप मिळालं. तरी दुसरी अडचण आहे, आपलं हवामान.

हे झाड मूळचं थंड, कोरड्या मुलखातलं. सैबेरिया, मध्य आशिया आणि आपल्याकडं लडाख, लाहौल या भागात त्याचे रानटी भाऊबंद वाढतात. हिवाळ्यात जमिनीवरचं झाड वाळून जातं, मुळं खाली झोपतात आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. ही थंडीतली झोप त्याला लागतेच. ती मिळाली नाही तर झाड वर्षागणिक रोडावत जातं.

आता आपल्याकडं बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. त्यानंतर पावसाळा, आणि खाली काळी माती. ही माती कपाशीला सोन्यासारखी, पण भिजली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. टॅरागॉनच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात खपत नाही, ती कुजतात. वर चिखलदऱ्याला हवा थंड म्हणून तिथं कॉफी होते. आपण सातपुड्याच्या पायथ्याला. तीस-चाळीस किलोमीटरनं झाडाचं नशीब बदलतं.

म्हणून आपल्याकडं फ्रेंच टॅरागॉन हा हिवाळ्याचा पाहुणा समजा. दिवाळीनंतर रोप आणा, होळीपर्यंत पानं खुडा. एप्रिलमध्ये ते मान टाकू लागलं तर समजून घ्या, हे तुमच्या हाताचं अपयश नाही.

आपल्या उन्हाला चालणारी मावसबहीण

मग आपण काय लावायचं? माझं उत्तर आहे मेक्सिकन टॅरागॉन. नाव सारखं असलं तरी हे झाड टॅरागॉनच्या वंशातलं नाही. ते झेंडूच्या वंशातलं आहे. शास्त्रीय नाव टॅजेटिस ल्युसिडा, आणि आपला झेंडू टॅजेटिस इरेक्टा, म्हणजे अगदी सख्खी नाती. वास मात्र तोच, बडीशेपेचा. कारण दोन्हींच्या पानांत एस्ट्रॅगोल नावाचं तेच सुगंधी द्रव्य असतं.

आणि गंमत ऐका. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, तो झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोकडचाच. तिथल्या मोरेलोस राज्यात सप्टेंबरच्या शेवटी लोक या मेक्सिकन टॅरागॉनच्या पिवळ्या फुलांचे क्रूस करतात आणि घराच्या दाराला, मक्याच्या शेतात लावतात. आपण काही दिवसांनी झेंडूचं तोरण बांधतो. दोन्हीकडं पीक उभं असतं आणि दाराला पिवळी फुलं असतात.

मेक्सिकन टॅरागॉनला बी येतं, ते उगवतं, ऊन सोसतं आणि दीड-दोन फुटांचं झुडूप होतं. पानाच्या कडेला बारीक दाते असतात. पावसाळा सरला की लहान पिवळी फुलं येतात. फुलंही खाता येतात.

कुंडी भरायची कशी?

दहा-बारा इंचांची कुंडी घ्या. जुनी बादली किंवा तेलाचा डबा असला तरी चालेल, पण तळाला चार-पाच भोकं हवीतच.

नुसती काळी माती भरू नका. दोन भाग माती, दोन भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. खत जास्त टाकलं की पानं मोठी होतात पण वास पातळ होतो. सुगंधी झाडांना थोडं उपाशी ठेवलेलं बरं.

बी सप्टेंबरच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरल्यावर टाका. चहाच्या कागदी कपाला खाली भोक पाडा, माती भरा, बी वर ठेवून त्यावर चिमूटभर रेती भुरभुरवा. एक-दोन आठवड्यांत उगवण दिसते. चार-सहा पानं झाली की रोप कुंडीत हलवा. वीतभर उंच झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. घरी तुळशीच्या मंजिऱ्या खुडतात ना, तसंच.

पाण्याचा नियम सोपा: बोट मातीत पेरभर घाला, कोरडं लागलं तरच पाणी. मार्चनंतर सकाळचं ऊन द्या आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली.

एक खास आपल्या भागाची सूचना. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी लोक झाडांना ओततात. ओतू नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, म्हणून ते पाणी रोज अधिक खारं होत जातं. दर्यापूर, भातकुलीकडच्या, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या मित्रांनी तर विहिरीचं पाणीही जपून वापरावं. पावसाचं पाणी साठवता आलं तर सगळ्यात उत्तम.

सख्खी बहीण आपल्याच देव्हाऱ्यात

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायचं ठरवलं, ती सांगतो. टॅरागॉनचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकुन्क्युलस. याच आर्टेमिसिया वंशातलं एक झाड आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. त्याचं नाव दवणा, आर्टेमिसिया पॅलेन्स.

चैत्रात देवाला दवणा वाहतात. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल आणि दवणा असतोच. गजऱ्यात मरव्यासोबत दवण्याची काडी असते. आणि त्याच दवण्याचं तेल अत्तरांच्या धंद्यात परदेशात जातं. दवण्याचा वास टॅरागॉनसारखा नाही, तो फळासारखा गोड आणि खोल आहे. तो जेवणात घालायची आपली रीत नाही. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला बी टाकलं तर साधारण चार महिन्यांत कुंडी घमघमते. नेमकी चैत्राच्या आसपास.

आणखी एक झाड: सब्जा. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो आणि ज्याची पानं दर्ग्यात वाहतात. आपल्या सब्जाच्या पानांत बहुतेक वेळा तेच एस्ट्रॅगोल भरपूर असतं. म्हणजे शेफनं सांगितलेल्या त्या दोन काड्यांचा वास तुमच्या शेजारच्या अंगणात आधीच असू शकतो. फुकट.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचं नागार्जुन उद्यान आहे. कधी त्या बाजूला गेलात तर बघा. मोबाईलवरचं झाड आणि हातातलं झाड यांत किती फरक असतो ते तिथं कळतं.

खायचं कसं?

पहिली गोष्ट: टॅरागॉन सांबाराची जागा घेणार नाही. (आपल्या भागाबाहेरून ऐकणाऱ्यांसाठी: वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर.) वरणावर, पोह्यांवर सांबारच बरा. टॅरागॉनची गोडसर चव जुळते ती अंडी, चिकन, बटाटा, मशरूम, लोणी आणि लिंबूवर्गीय फळांशी. फ्रेंच लोक ऑम्लेटमध्ये आणि बेअर्नेझ सॉसमध्ये ते वापरतात. पानं नेहमी शेवटी घाला, जास्त शिजवली की वास उडतो.

आपल्यासाठी सगळ्यात भारी जोडी म्हणजे संत्रं. आंबिया बहाराची संत्री निघतात तेव्हाच मेक्सिकन टॅरागॉन फुलावर असतं. संत्र्याच्या फोडींची साल आणि बिया काढा, पाच-सहा पानं बारीक चिरून टाका, मीठ, मिरपूड, थोडा कांदा. झालं सॅलड.

दुसरं, सरबत. जॉर्जिया देशात टॅरागॉनचं हिरवं सरबत मिळतं, 'तार्खुना' म्हणतात त्याला. घरी करायचं तर अर्धा कप साखर आणि अर्धा कप पाणी उकळा, गॅस बंद करा, मूठभर पानं टाकून वीस मिनिटं झाकून ठेवा. गाळा. लिंबू आणि गार सोडा घाला.

तिसरं, व्हिनेगर. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, काचेच्या बाटलीत घालून वर पांढरं व्हिनेगर ओता, दोन-तीन आठवडे अंधारात ठेवा. पण ओली पानं तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. त्यात जीवघेणं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. तेलात केलंच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

नेहमीचे तीन प्रश्न

*"रोज काढा करून प्यायला चालतो का?"* नको. जेवणातली चिमूटभर पानं ठीक. पण एस्ट्रॅगोल मोठ्या मात्रेत उंदरांना दिलं तेव्हा यकृताला गाठी झाल्या, म्हणून तज्ज्ञ ते मर्यादेत घ्या म्हणतात. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना काढा किंवा तेल देऊच नका.

*"ॲलर्जी होते का?"* टॅरागॉन, झेंडू, दवणा आणि आपलं कुप्रसिद्ध गाजरगवत, सगळी एकाच मोठ्या कुळातली. गाजरगवतानं ज्यांना खाज सुटते किंवा दम लागतो, त्यांनी आधी जपून हात लावावा.

*"एकरभर लावून विकलं तर?"* हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक विशी-बाविशीचे असतात. शिक्षण झालंय, नोकरी नाही, घरी दोन एकर आहे आणि कुणीतरी व्हिडिओत सांगतंय की परदेशी हर्बमध्ये लाखो रुपये आहेत. मी स्वप्न मोडणार नाही, पण क्रम सांगतो. आधी गिऱ्हाईक, मग झाड. अमरावती-नागपुरातलं कोणतं हॉटेल, आठवड्याला किती जुड्या, काय भावानं घेणार, हे तोंडावर विचारून या. तोडलेली पानं लगेच सुकतात, एसटीतून ती ताजी पोचतील का ते एकदा नेऊन बघा. आणि जो महागडं बी विकून वर "सगळा माल आम्हीच घेऊ" म्हणतो, त्याला विचारा, "भाऊ, फ्रेंच टॅरागॉनले तर बीच येत नाही, मंग हे कायचं हाये?" त्याच्या उत्तरावरून तुम्हाला सगळं कळेल. वडलांच्या कर्जापेक्षा हा एक प्रश्न स्वस्त आहे.

तर मंडळी, या हंगामासाठी तीन कुंड्यांचा बेत: एकीत मेक्सिकन टॅरागॉन, दुसरीत सब्जा, तिसरीत दवणा. घरचे म्हणतीलच, "काहून बे, हे गवत कायले लावून ठेवलं?" वाद घालू नका. एक पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरा.

पुढच्या भागात गच्चीवरच्या कुंड्या मे महिन्यात कशा जगवायच्या ते बोलू. तोवर बियांचं पाकीट घेण्याआधी झाडाचं पूर्ण नाव वाचा. भेटूया!