गाडी कुणाकडून घ्यायची, कुणाकडे टाकायची

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत बोलले, तेच थोडं नीट करून लिहिलं आहे. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी.)



मागच्या महिन्यात तीन गावांतून मला एकच प्रश्न आला. "मॅडम, गाडी घ्यायची आहे, कुठलं शोरूम चांगलं?" विचारणारी एक पशुसखी आहे, तिला रोज चार वस्त्या फिरायच्या असतात. दुसरीला दुधाचं कॅन डेअरीवर न्यायला गाडी हवी. तिसरीच्या मुलीचं कॉलेज पंढरपूरला आहे आणि एसटीची वेळ काही जुळत नाही. मी तिघींनाही शोरूमचं नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं की तुम्ही डोळे झाकून जाणार. मीही एकदा तशीच गेले होते.

ते आधी सांगते. नोकरीला लागले तेव्हा साठवलेले थोडे पैसे आणि आईच्या गटातून घेतलेलं कर्ज मिळून मी एक जुनी स्कूटी घेतली. बत्तीस हजारांना, शहरातल्या एका एजंटाकडून. गाडी चकाचक, टायर नवे. आरसी कार्डावर नाव तिसऱ्याच माणसाचं होतं. एजंट म्हणाला, "टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात ताई, नाव कधीपण चढवा." मी समाजकार्य शिकलेली, गावोगाव "वाचल्याशिवाय सही करू नका" सांगत फिरणारी! पण ते कार्ड मी नीट वाचलंच नाही. त्यावर फायनान्स कंपनीचं नाव होतं.

सात महिन्यांनी भर उन्हात, दोन गावांच्या मधोमध, दोघांनी मोटारसायकल आडवी लावली. मूळ मालकाचे हप्ते थकले होते. त्यांनी कागद दाखवला आणि चावी मागितली. एरवी मला बोलायला सांगावं लागत नाही, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. गटांची पुस्तकं पिशवीत, पिशवी खांद्याला आणि गाडी गेली. त्या दिवशीची बैठक चालत जाऊन घेतली. एजंटाकडे फेऱ्या मारून मारून अठरा हजार परत मिळाले. आईच्या गटाचं कर्ज मात्र पुढं वर्षभर फेडत होते, नसलेल्या गाडीचं.

शेत घेताना आपण काय करतो? आधी सातबारा काढतो, बोजा आहे का बघतो. गाडीच्या आरसीवरपण तसाच बोजा असतो. कर्ज फिटलं असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, तो आरटीओत दिल्यावर बोजा उतरतो. नुसतं "कर्ज केव्हाच फिटलंय" या बोलण्याला अर्थ नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. गाडी कधीची, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, सगळं दिसतं. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर ते पाच मिनिटांत काढून देईल. मग गाडीवर कोरलेला चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. खोडल्यासारखा वाटला तर तिथूनच परत फिरा.

नाव चढवायचा फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विम्यावरचं नावपण १४ दिवसांत बदलून घ्यायला सांगा. आणि तुम्ही गाडी विकणार असाल तर हे जास्तच जपा. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे गाडी दुसऱ्याने कुठं धडकवली तरी नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारात येणार. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकणं याच्यासाठी धोक्याचं आहे.

आता नवी गाडी. पाडव्याला, दसऱ्याला शोरूममध्ये पेढे मिळतात, हार मिळतो, फोटो निघतो. त्या गर्दीत हिशोब कुणी वाचत नाही. म्हणून आधी एखाद्या आडवारी जा आणि कोटेशन कागदावर मागा, शिक्का मारून. त्यात गाडीची किंमत, आरटीओ टॅक्स आणि पासिंग, विमा, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. "ऑन रोड एवढे" असा एकच आकडा घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो बिलात बघा. "हँडलिंग" म्हणून काही लावलं असेल तर विचारा, हे कशाचे? ते सरकारी शुल्क नाही. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे अशीही सक्ती नाही. मात्र नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून घ्यावाच लागतो, तो आकडा बघून दचकू नका.

आणि साडी गार्ड! हे मला मुद्दाम सांगायचंय. आपल्याकडे साडी गार्ड जादाचं सामान म्हणून विकतात, वर "मॅडमसाठी" म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलंय की मोटारसायकलला मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत असं झाकण पाहिजे, मागचं निदान अर्धं चाक झाकेल एवढं. धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा हेही त्यातच. गाडीसोबत हेल्मेट द्यायचं, हेपण त्याच नियमांत आहे. पदर चाकात गेलेली बाई मी दवाखान्यात बघितली आहे, तिच्याबद्दल इथं लिहीत नाही. साडी गार्डचे वेगळे पैसे मागितले तर नियमाचं नाव घेऊन विचारा.

हप्त्याचं मात्र पेन घेऊन बसा. आपल्या गटात शेकडा रुपया व्याज, म्हणजे वर्षाला १२ टक्के. ते आपण उरलेल्या मुद्दलावर लावतो. शोरूमच्या टेबलावर बसलेला फायनान्सवालाही १२ टक्केच म्हणेल, पण पुष्कळदा तो 'फ्लॅट' असतो. ८०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले असं धरा. फ्लॅटने व्याज होतं २८,८०० आणि हप्ता ३,०२२ रुपये. उरलेल्या मुद्दलावर लावलं तर हप्ता साधारण २,६५७ आणि सगळं व्याज साडेपंधरा हजारांच्या थोडं वर. टक्के तेच, फरक तेरा हजारांचा. सभेत हे फळ्यावर मांडलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे दोन शेरडं गेली की गं!" रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत सगळा खर्च एका ठिकाणी मांडलेला कागद द्यावा लागतो, कर्जदाराला कळेल अशा भाषेत. त्याला केएफएस म्हणतात. मराठीत मागा, आणि घरी आणून वाचा.

गावाजवळच्या छोट्या दुकानातून गाडी घेणार असाल तर एवढं विचारा की बिल कुणाच्या नावाने निघणार आणि फुकटची सर्व्हिसिंग कुठं होणार. बरीच अशी दुकानं मोठ्या डीलरच्या हाताखालची असतात. पुढं वॉरंटीसाठी तुम्हाला सोलापूरला किंवा अकलूजला पळवायचं असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

आणि मिस्त्री. शोरूम एकदाच लागतं, मिस्त्री जन्मभर. चांगला मिस्त्री कसा ओळखायचा? पाटी बघू नका, दारात कुणाच्या गाड्या उभ्या आहेत ते बघा. दूधवाले, पोस्टमन, कुरिअरची पोरं यांचं पोट गाडीवर असतं, ती माणसं फसव्याकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. पहिल्यांदा मोठं काम देऊ नका. ऑइल बदलायला टाका आणि समोर उभ्या राहा. सील आपल्यासमोर फोडतो का, किती ओततो, जुनं ऑइल पूर्ण गळू देतो का. काम सुरू करायच्या आधी अंदाज सांगतो का. मध्ये दुसरं काही निघालं तर फोन करून विचारतो का, की आधी करून मग पैसे सांगतो. लायनर, प्लग, चेन, जे बदललं ते जुनं परत मागा. प्रामाणिक माणूस न मागताच हातात ठेवतो.

माझी आणखी एक परीक्षा आहे. गाडी माझी, बिघाड मी सांगतेय, आणि मिस्त्री माझ्यासोबत आलेल्या भावाकडे बघून उत्तर देतो. तिथं मी परत जात नाही. माझा आत्ताचा मिस्त्री म्हातारा आहे, तिरसट आहे, चहासुद्धा विचारत नाही. पण एकदा म्हणाला, "क्लच प्लेट अजून सहा महिने चालते, आत्ता पैसे घालू नको." त्या दिवसापासून गाडी त्याच्याकडेच.

फसवणूक झालीच तर पक्कं बिल हाताशी पाहिजे, त्याच्याशिवाय सगळं अवघड होतं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

आपल्या ग्रामसंघात एक वही सुरू करू. कुणाकडे काय काम केलं, अंदाज किती सांगितला, घेतले किती, महिन्याभरात तोच बिघाड परत आला का. वाईट अनुभव लिहिताना तारीख आणि बिल जोडा, ऐकीव लिहू नका. पुढच्या सभेला येताना घरातल्या गाडीचं आरसी कार्ड घेऊन या, नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालेल. दोन्ही बाजू वाचू, आणि ज्यांचा बोजा अजून उतरलेला नाही त्यांचे फॉर्म तिथंच भरू.